मिथेनचा हिशेब गव्हाणीत

सकाळी संकलन केंद्रावर कॅन रिता केला की हातात एक चिठ्ठी पडते. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. फॅट ३.५ च्या किंवा एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं की पॉइंटामागे कपात ठरलेली. गाईने काय दिलं ते या चिठ्ठीवर पैशापैशाने मांडलेलं असतं. गाईला काय दिलं याची ओळ नसते, आणि दिलेल्यातलं किती तिच्या तोंडावाटे वाऱ्यावर गेलं हा रकाना छापायचं तर कुणाच्या मनातही येत नाही. जनावरांच्या ढेकरातून निघून हवा तापवणाऱ्या मिथेन वायूवर अलीकडे जो वाद चालतो तो या न छापलेल्या रकान्याचा आहे, असं मी मानतो. फक्त तो घालणाऱ्यांत गव्हाणीत हात घातलेले फार थोडे असतात.

एक जण म्हणतो, गाई-म्हशी म्हणजे चालती धुराडी, दूध सोडा. दुसरा उसळून म्हणतो, हे परदेशी कारस्थान आहे, आमच्या देशी गाईच्या ढेकरात असलं काही नसतं. दोघांच्याही बोलण्यात गाय आहे, तिला चारा घालणारं माणूस नाही. माझं म्हणणं त्या माणसापासून सुरू होतं. मिथेन हे आधी गोठ्याचं नुकसान आहे आणि मग हवेचं. ज्या चाऱ्याला पैसे मोजले, पाणी दिलं, जो बांधावरून डोक्यावर वाहून आणला, त्याचा एक हिस्सा दूध न होता जळाऊ वायू होऊन निघून जातो. तो वाचवण्यात शेतकऱ्याचं आणि हवामानाचं हित एकाच बाजूला पडतं. धोरणांत अशी जुळणी क्वचित होते, आणि झाली की आपलं तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं.

काटेकोर बोलायचं तर गाय गवत पचवतच नाही. गवतातलं सेल्युलोज तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिच्याजवळ नाही, जसं ते आपल्याजवळही नाही. तिच्याजवळ आहे ते कोठीपोट. मोठ्या गाईत शंभर-दीडशे लिटरचं, ३९ अंशांच्या आसपास ऊबदार, जवळपास हवा नसलेलं, रात्रंदिवस घुसळलं जाणारं एक पिंप. त्यातल्या रसाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू, शिवाय आदिजीव आणि बुरशा. गाय चारा या मंडळींना घालते आणि त्यांच्या उष्ट्यावर स्वतः जगते. ते चारा आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपियॉनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, आणि ती आम्लं म्हणजेच गाईची ऊर्जा. पुढे खऱ्या पोटात पोचल्यावर ती या जंतूंनाही पचवून टाकते. तिला मिळणाऱ्या प्रथिनाचा मोठा वाटा त्यांच्याच देहाचा असतो.

या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो. तो साठत गेला तर आंबवणंच मंदावतं, म्हणून तो कुणीतरी उचलावा लागतो. हे काम आर्किया करतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण कुळी वेगळी. ती वेगळी असल्याचं कार्ल वोझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवून दिलं, आणि ते दाखवलं मिथेन तयार करणाऱ्या जंतूंचाच अभ्यास करून. हे आर्किया हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात आणि गाय तो बहुतांशी ढेकरावाटे बाहेर सोडते. (मागच्या बाजूने निघणारा वाटा अगदी किरकोळ असतो, त्यावरचे विनोद थांबवायला हरकत नाही.) म्हणजे हे जंतू खलनायक नाहीत, पिंपातला कचरा उचलणारे आहेत. त्यांचे भाऊबंद भाताच्या खाचरातल्या चिखलात असतात आणि गोबरगॅसच्या टाकीतही. टाकीत त्यांनी मिथेन केला की आपण अनुदान देतो, पोटात केला की परिषद भरवतो.

या कचरा उचलण्याची किंमत किती? जनावराने खाल्लेल्या एकूण ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग मिथेनच्या रूपाने जातो. टक्क्यांनी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून घरगुती हिशेब करू. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या २००६ च्या कोष्टकात भारतीय उपखंडातली दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते असं धरलं आहे. एवढ्या मिथेनमधली उष्णता १४.२ किलोच्या स्वयंपाकाच्या चार सिलिंडरांहून थोडी जास्तच भरते. दावणीला दोन गाई असतील तर वर्षाला आठ सिलिंडर हवेत. हा सगळा वायू वाचवता येत नाही, हे खरं. पण त्यातला चौथा हिस्सा जरी गाईच्या अंगी लागला, तर तो सरकी पेंडीच्या भावात मोजून पाहावा.

त्याच कोष्टकात उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गाईसाठी आकडा आहे १२८ किलो. इथवर आपली गाय सोज्वळ वाटते, आणि देशीच्या अभिमान्यांचं भाषण इथेच संपतं. शेजारचा रकाना मात्र दुधाचा आहे. तिकडच्या गाईचं दूध वर्षाला ८,४०० किलो धरलंय, इकडच्या गाईचं ९००. भागाकार केला तर तिकडे किलोभर दुधामागे १५ ग्रॅम मिथेन पडतो, आपल्याकडे ६४ ग्रॅम. चौपटीहून जास्त. आकडे जुने आहेत, आपल्याकडचं दूध नंतर वाढलं, २०१९ मध्ये कोष्टकही सुधारलं गेलं; तरी अंतर आहेच. कारण साधं आहे. जनावर दूध देवो न देवो, श्वास घ्यायला, चालायला, अंग ऊबदार ठेवायला त्याला खावंच लागतं. हा निर्वाहाचा चारा. त्यातून निघणारा मिथेन दोन लिटरवर वाटायचा की दहा लिटरवर, एवढाच प्रश्न असतो.

देशी गाईच्या पोटात हे जंतूच नसतात, ही समजूत तर सरळ चुकीची आहे. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ३२ जातींच्या जनावरांच्या पोटातले ७४२ नमुने तपासून एक जागतिक गणती प्रसिद्ध झाली. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरणंसुद्धा त्यात होती. सगळीकडे मुख्य जिवाणू आणि आर्किया साधारण तेच निघाले. फरक पडला तो मुख्यतः खाण्याने. जनावराच्या जातीचा प्रभाव त्याहून कमी दिसला. जंतूंना गोत्र कळत नाही, वैरण कळते. देशी गाय कमी मिथेन सोडते कारण ती लहान आहे आणि कमी खाते. तिची तारीफ करायला ऊन सोसणं, गोचिडांना दाद न देणं, ओढकामाची ताकद अशी पुष्कळ खरी कारणं आहेत. त्यासाठी खोटं रसायनशास्त्र नको.

आता जंतू तेच असतील, तर जंतूच बदलता येणार नाहीत का? हा प्रश्न सध्या जगभर ऐरणीवर आहे आणि त्याच्याइतका मोह पाडणारा दुसरा नाही. त्याला एक जुनं उदाहरणही आहे, आणि ते आपल्या बांधावरच्या झाडाचं आहे. सुबाभूळ. उरुळी कांचनहून मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने ज्या चाऱ्याचा महाराष्ट्रभर प्रसार केला, तीच सुबाभूळ ऑस्ट्रेलियातल्या गाईंना बाधायची. तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. कोठीपोटात त्यापासून जे तयार होतं त्याने गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजायची, केस गळायचे, वजन घटायचं. पण हवाईतल्या शेळ्या हाच पाला पोटभर खाऊन मजेत होत्या. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या रेमंड जोन्स यांना शंका आली की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या बिऱ्हाडात असावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले गेले आणि बाधा थांबली. त्यातला नेमका जिवाणू पुढे सापडला. १९९२ मध्ये त्याचं बारसं झालं तेव्हा त्याला जोन्स यांचंच नाव दिलं गेलं, सिनर्जिस्टिस जोन्सी.

ही गोष्ट मला फार आवडते, पण तिचा सल्ला नीट ऐकला तर तो मिथेनवाल्यांना उत्साह देणारा नाही. नवा पाहुणा त्या पोटात टिकला कारण त्याचं अन्न दुसरं कुणी खात नव्हतं. ताटात उरलेला पदार्थ त्याने उचलला, कुणाशी भांडण झालं नाही. हायड्रोजनचं तसं नाही. त्यावर आर्किया आधीच बसलेले आहेत आणि अगदी विरळ हायड्रोजनही ओढून घेण्यात ते पटाईत आहेत. कांगारूंच्या पोटात हायड्रोजनपासून ॲसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू आढळतात आणि कांगारू मिथेन फारच कमी सोडतो, म्हणून ते गाईत बसवावेत अशी कल्पना जुनी आहे. पण गाईच्या कोठीपोटात अशा जिवाणूंचा आर्कियांपुढे टिकाव लागत नाही. वाडा भरलेला असला की नवा भाडेकरू ओट्यावरच राहतो. म्हणूनच आता कोवळ्या वासरांकडे लक्ष गेलं आहे. जन्मतः वासराचं कोठीपोट अविकसित आणि जवळपास रिकामं असतं. आईच्या चाटण्यातून, दावणीच्या जमिनीवरून त्यात बिऱ्हाड भरत जातं, आणि त्या दिवसांतच ते वेगळं घडवावं असा प्रयत्न आहे. कॅलिफोर्नियात जनुक-संपादनाने, न्यूझीलंडमध्ये लशीच्या वाटेने संशोधक कित्येक वर्षं खपत आहेत. खपू देत. यश आलं तर ते माणदेशातल्या गोठ्यापर्यंतही पोचेल, कारण लस टोचायची व्यवस्था आपल्याकडे आहे. पण धोरण आज आखायचं असतं, आणि आज ही लस बाजारात नाही.

आज बाजारात आहे ती भुकटी. ३-एनओपी, व्यापारी नाव बोवेअर. रोज गाईमागे पाव चमचा, आणि दुभत्या गाईंत मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. मिथेन तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवरचं विकरच ती अडवते. युरोपीय संघाने तिला २०२२ मध्ये मान्यता दिली. दुसरं म्हणजे ॲस्परागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या प्रयोगात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने मांसाच्या जनावरांत मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटवला. थक्क करणारा आकडा. पण त्यातलं मुख्य द्रव्य ब्रोमोफॉर्म, त्याच्या सुरक्षिततेची चर्चा संपलेली नाही, आणि ते शेवाळ टनावारी पिकवायचं कुठे हा वेगळाच प्रश्न.

शिवाय ज्यांनी भुकटी वापरली त्यांचे अनुभवही पाहावेत. ब्रिटनमध्ये २०२४ च्या अखेरीस एका मोठ्या दूध संघाने तीस गोठ्यांवर चाचणी जाहीर केली, तर लोकांनी दूध मोरीत ओतल्याच्या चित्रफिती फिरल्या. डेन्मार्कने २०२५ पासून पन्नासहून अधिक गाईंच्या, सेंद्रिय नसलेल्या गोठ्यांना ही भुकटी किंवा जादा स्निग्धांशाचं खाद्य बंधनकारक केलं. त्याच वर्षी अनेक शेतकऱ्यांनी गाई आजारी पडल्याच्या तक्रारी केल्या आणि चौकशी सुरू झाली. दूध ओतणाऱ्यांची भीती मला अवास्तव वाटते. ती भुकटी पोटातच लवकर विघटित होते आणि दुधात उतरत नाही असंच युरोपच्या तपासण्या सांगतात. मात्र लवकर विघटित होते यातच आपली अडचण आहे. ती घासाघासाबरोबर पोटात जात राहावी लागते. तिकडची गाय यंत्राने कालवलेलं एकजीव खाद्य खाते, तिथे हे जमतं. आपली गाय सकाळी वाढे, दुपारी माळावर चराई, संध्याकाळी धारेला मूठभर पेंड अशी जेवते. पाव चमचा नेमका कशात कालवायचा? आणि दूध न वाढवणाऱ्या वस्तूला शेतकऱ्याने पैसे का मोजायचे?

आपल्याकडच्या संशोधनाने वाट वेगळी धरली, आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य बनवलं. मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो असं ती संस्था सांगते. खर्च तेव्हा किलोला सुमारे ६ रुपये सांगितला गेला, आणि तीन महिन्यांवरच्या, कोठीपोट नीट चालू झालेल्या जनावरांनाच द्यायचं. त्याआधीचं त्यांचं एक मिश्रण चिंचोक्याच्या टरफलांचं होतं. टॅनिन म्हणजे तोंड आवळणारा तुरटपणा. बाभळीच्या शेंगांत तो भरपूर असतो, आणि उन्हाळ्यात आकडीने त्या शेंगा झाडून शेळ्या-मेंढ्यांपुढे टाकणाऱ्या धनगरांना त्या जनावरांच्या अंगी लागतात एवढं पक्कं माहीत असतं. टॅनिन थोडं असलं तर फायदा, जास्त झालं की प्रथिनही बांधून ठेवतं आणि पचन बिघडतं. मात्रा महत्त्वाची. पण अशी गोष्ट तालुक्याच्या पेंडीच्या दुकानात पोत्यात दिसेल, आणि ती घातल्यावर केंद्रावरची चिठ्ठी दोन रुपयांनी हसेल, तेव्हाच ती खरी.

तोवर जे हाताशी आहे ते सांगतो. कडबा, पेंढा, उसाचं वाढं, कुटार अशा काष्ठमय चाऱ्यावर कोठीपोटातलं आंबवणं ॲसिटिक आम्लाच्या बाजूला झुकतं. त्या वाटेवर हायड्रोजन जास्त सुटतो, म्हणून मिथेन जास्त. कोवळा, लवकर पचणारा चारा आणि धान्य यांवर ते प्रोपियॉनिक आम्लाकडे वळतं, आणि ते तयार होताना हायड्रोजन उलट खर्च होतो. याचा अर्थ गाईपुढे मक्याचं पोतं उपडं करा असा नाही. तसं केलं तर आम्लता होऊन गाय लंगडते, आणि माणसाच्या तोंडचं धान्य जातं ते वेगळंच. अर्थ असा की कडबा नुसता टाकू नका. कडब्यात ऊर्जा आहे, पण ती सोडवून घेणाऱ्या जंतूंना जो नायट्रोजन लागतो तो त्यात नाही. थोडी पेंड, लसूणघास, चवळी, युरियाची शास्त्रोक्त प्रक्रिया केलेलं वैरण, वर खनिज मिश्रण, आणि तोच कडबा अधिक दूध देतो. मका चिकात असताना कापून मुरघास केला तर तो वाळून काष्ठ झालेल्या वैरणीपेक्षा कैक पटींनी बरा. कुट्टी केली तर गव्हाणीतली नासाडी वाचते. यात नवीन काही नाही, पशुवैद्यक वर्षानुवर्षं घसा कोरडा करून हेच सांगत आहेत. नवीन एवढंच, की हे मिथेन कमी करण्याचं काम आहे असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

याचा मोठा प्रयोग देशात होऊनही गेला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, संतुलित आहाराचा कार्यक्रम चालवला. गावातलाच प्रशिक्षित माणूस गोठ्यात येई, जनावराच्या छातीच्या घेरावरून वजन काढी, घरात कोणकोणता चारा आहे ते विचारी आणि त्यातूनच स्वस्त पडेल असा आहार जुळवून देई. लाखो जनावरं त्यात आली. खर्च घटला, दूध थोडं वाढलं आणि किलोभर दुधामागे मिथेन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरला, असे निष्कर्ष मंडळाने मांडले. भुकटी नाही, शेवाळ नाही, जनुकांना हात नाही. पण प्रकल्पाला मुदत असते आणि गाईची भूक मुदत पाळत नाही. हवामानाच्या नावाने जो पैसा येतो त्यातला पहिला हक्क अशा गोठ्यात येणाऱ्या माणसाच्या पगारावर असायला हवा, असं माझं मत आहे. उंच इमारतीतल्या कार्बन सल्लागाराच्या आधी.

गव्हाणीखालोखाल महत्त्वाची गोष्ट वेताची. म्हैस पहिल्यांदा व्यायला चार-चार वर्षं लागतात. तोवर ती खाते, रवंथ करते, ढेकर देते, दुधाचा थेंब नाही. मग एक वेत, त्यानंतर माज ओळखता आला नाही म्हणून वर्षभर भाकड. हा सगळा मिथेन कुठल्याच लिटरवर पडत नाही. रेडीला वाढीच्या वयात नीट खाऊ घातलं आणि ती वर्षभर आधी गाभण राहिली तर तेवढ्या वर्षाचा मिथेन मुळातच टळला. पंढरपुरी म्हैस सुक्या वैरणीवरही नेमाने विते म्हणून सोलापूर-कोल्हापूरकडे तिचं नाव आहे. तिच्याकडे हवामानाच्या चष्म्यातून कुणी पाहिलंय असं दिसत नाही. सुधारलेली गाय म्हणजे एचएफ, अर्थात होल्स्टीन फ्रिजियन ही विदेशी जातच, या हट्टातून आपण बाहेर पडायला हवं. चाळीस अंशांत धापा टाकणारी गाय कागदावर कितीही दुधाळ असली तरी मे महिन्यात तो कागद फाटतो. लाळ्या-खुरकुताची वेळेवर टोचलेली लस, कासदाहाचा वेळीच उपचार, हेही या हिशेबात धरावं, कारण आजारी गाय दूध थांबवते, मिथेन थांबवत नाही.

इथवर सगळं गोड आहे. अवघड भाग पुढे. लिटरमागचा मिथेन घटला म्हणजे एकूण मिथेन घटला असं नव्हे. तो घटायचा तर दूध वाढताना जनावरांची संख्या उतरावी लागते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गाई-बैल आणि १०.९९ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. गोवंशातले नर ४.७४ कोटी, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्के कमी. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली, हे त्यामागचं एक मोठं कारण. मोकाट जनावरं ५० लाखांवर. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. श्रद्धेचा मान राखायचा हा समाजाचा निर्णय असू शकतो, त्यावर मी इथे वाद घालत नाही. पण त्या निर्णयाची वैरण कोण घालतं? उतारवयाला लागलेला बैल विकला जात नाही, संकरित गोऱ्हा जन्मला की घरात कुणाचा चेहरा उजळत नाही, आणि त्याचं पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच देणारी लिंगनिर्धारित रेतमात्रा हा यातला निदान एक सभ्य मार्ग आहे. ती साध्या मात्रेइतकी स्वस्त आणि तितकीच सहज मिळाली, तर नको असलेला जीव जन्माला घालून उपाशी मारण्याची वेळ कमी येईल. मिथेन त्यापुढे दुय्यम.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जागतिक मिथेन करार पुढे आला: २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपात. दीडशेहून अधिक देश त्यात आले, भारत आला नाही. आपली भूमिका अशी की भातशेतीचा आणि जनावरांचा मिथेन हा जगण्यासाठीचा आहे, चैनीचा नाही. मला ती पटते. दोन म्हशींवर मुलीची फी भरणाऱ्या घराला आणि हजार जनावरांच्या मांस-कारखान्याला एका मापाने मोजणं हा अन्याय आहे. पण पटणाऱ्या भूमिकेच्या आडोशाला झोपही छान लागते. आपल्या शेतीक्षेत्रातल्या हरितगृह वायूंचा निम्म्याहून जास्त भाग जनावरांच्या पोटातून येतो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या घरात तापवतो. आज घटवला तर गुण याच पिढीला दिसतो. विदर्भ-मराठवाड्यातली उन्हं सोसणाऱ्यांनी तरी ही संधी सहीच्या वादात घालवू नये. सही न करताही गव्हाण सुधारता येते.

कर लावून हे होणार नाही, हे दुसऱ्यांच्या अनुभवावरून शिकावं. न्यूझीलंडमध्ये २००३ मध्ये असा कर सुचवला गेला तेव्हा एका खासदाराने ट्रॅक्टरच संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. २०२२ मध्ये तो विचार नव्याने आला आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळला. डेन्मार्क २०३० पासून कर लावणार आहे, पण तिथल्या शेतकऱ्याची ऐपत आणि आपल्या शेतकऱ्याची ऐपत एका वाक्यात लिहिण्यासारखी नाही. आपल्याकडे उलट पैसा द्यावा लागेल, आणि तो मधल्या मध्ये न जिरता पोचवण्याची यंत्रणा सुदैवाने उभी आहे. दिवाळीला दूध दर फरक वाटणाऱ्या संघांकडे सभासदांची यादी आहे, बँक खाती आहेत, वर्षभराचे लिटर आहेत. त्यांना एक 'चारा फरक' वाटणं जड नाही. वैरण तपासायची सोय माती परीक्षणासारखी तालुक्याला करावी, ज्या गोठ्यात आहार जुळवला गेला आणि वेतांमधलं अंतर घटलं तिथे लिटरमागे काही पैसे जास्त द्यावेत, आणि कार्बन क्रेडिटची जी काही रक्कम उद्या येईल तिचा मोठा वाटा आधीच करारात शेतकऱ्याच्या नावे लिहून घ्यावा. भूमिहीन घरात दोनच शेळ्या असतात, बांधावरचं गवत कापून त्या पोसल्या जातात. त्यांना या यादीतून वगळलं तर फायदा पुन्हा शंभर गाईवाल्याच्याच दारात जाईल.

गव्हाणीत काय पडतं याची नोंद मात्र आज कुठेच नाही, आणि ती करायची म्हटलं तर विचारायचं कुणाला हेही ठरवावं लागेल. बहुतेक घरांत कुट्टी कोण करतं, पेंड कोण भिजवतं, कुठल्या गाईने आज वैरण सोडली हे कुणाला आधी कळतं, ते आपल्याला ठाऊक आहे. संकलन केंद्रावरची चिठ्ठी बहुतेक वेळा त्या बाईच्या नावाने निघत नाही.